कुवाबाता ओरेइमाइरीला येतो

ज्याने जन्मात कुणाचं वाईट केलं नाही, त्याने त्रिभुवनात कुणाला भिण्याचं कारण नाही.

हे वाक्य वाकिसाका सरांनी मंगळवारी सकाळी छाती पुढे काढून बायकोला ऐकवलं, आणि त्याच श्वासात विचारलं, की दाराला आतून दुसरी कडी बसवून देणारा कुणी तिच्या ओळखीत आहे का.

"एक आहे ना कडी. तीच आपण कधी लावत नाही," फुसाए मुळ्याच्या लोणच्यावर दगड ठेवता ठेवता म्हणाली. "का? काय झालं?"

सरांनी हातातलं पोस्टकार्ड पुढे केलं. तिने हात पुसून ते वाचलं.

'सर, माझा सिनेमा शुक्रवारपासून तुमच्या स्टेशनासमोरच्या थिएटरात लागतो आहे. रविवारी दुपारी दोन वाजता मी आपल्याकडे ओरेइमाइरीला येतो. कृपया कुठे जाऊ नका. कुवाबाता रेइजी.'

"किती छान!" फुसाए म्हणाली. "अक्षरही किती सुरेख. गोडाचं काय आणू? लाल चवळीच्या पुरणाच्या वड्या खाईल का तो?"

सर तिच्याकडे बघत राहिले. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात ही बाई इतकी निष्पाप आपल्याला कधीच वाटली नव्हती, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता.

यात फुसाएचा दोष नव्हता. ती क्योतोच्या एका देवळाच्या पुजाऱ्याची लेक. देवाला नवस बोलावा, तो पावला की पुन्हा देवळात जाऊन आभाराचे हात जोडावेत, याला ओरेइमाइरी म्हणतात, हे ती पाळण्यात शिकली होती. शब्द इतका सोवळा, की उदबत्तीचा वास यावा. पण हाच शब्द वाह्यात पोरांनी देवळाच्या पायरीवरून उचलला आणि गल्लीत नेऊन बाटवला. ज्याने आपल्याला पकडून दिलं, चोप दिला, नापास केलं, त्याच्या दारात एक दिवस जायचं आणि जे काही द्यायचं राहिलं असेल ते सव्याज द्यायचं, यालाही ओरेइमाइरीच म्हणू लागले. फेडायचंच दोन्हीकडे. एकीकडे नवस, दुसरीकडे डूख.

सरांची नोकरी सगळी अमागासाकीत झालेली. तिथल्या एका सरकारी शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं व्यायाम शिकवला. नावाला व्यायाम. खरं खातं शिस्तीचं. सकाळी फाटकाशी उभं राहून पोरांच्या विजारींची रुंदी मोजायची, केसांचे कोंबडे खाली बसवायचे, उकळतं पाणी घालून पापडासारखी चपटी केलेली दप्तरं जप्त करायची, असं ते काम. त्या काळात निरोप समारंभाच्या दिवशी कुठलाही शिक्षक आपली मोटार शाळेत आणत नसे. आणली, तर काचा आणि टायर यांचा निरोप समारंभ आधी होई. सरांच्या तोंडात डावीकडे जो सोन्याचा दात आहे, तो १९८१च्या तुकडीची आठवण. जुने विद्यार्थी आपल्याला कसे विसरत नाहीत, असं सर अभिमानाने सांगत, तेव्हा तो चमके.

"मी इगावाकडे जाऊन येतो," सर म्हणाले.

इगावा म्हणजे निवृत्त हवालदार. दुपारी तीन वाजता तो कुठे सापडेल याबद्दल गावात कुणाला शंका नसे. तो सार्वजनिक न्हाणीघराच्या सगळ्यांत कढत हौदात, डोक्यावर घडी केलेला पंचा ठेवून, उकडलेल्या बटाट्यासारखा बसलेला असे. सर त्याच्या शेजारी उतरले. पोस्टकार्ड त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं.

"वाच," इगावा डोळे न उघडता म्हणाला.

सरांनी वाचलं.

"'कृपया' असं लिहिलंय?"

"लिहिलंय."

"मग अवघड आहे. शिव्या लिहिणारा माणूस कधी येत नाही. तीस वर्षांचा अनुभव आहे. शिव्या लिहिल्या की त्याची निम्मी वाफ जाते. हा 'कृपया' लिहितो, म्हणजे वाफ सगळी आत आहे."

"अरे, पण आता तो पंचावन्न वर्षांचा आहे. सिनेमे काढतो. बक्षिसं मिळालीत त्याला परदेशात."

"कसले सिनेमे?"

सरांनी पोस्टकार्डाची पिशवी पाण्याच्या आणखी वर धरली. कुवाबाता कसले सिनेमे काढतो हे सगळ्या देशाला ठाऊक होतं. बेवारशी पोरं, चाकू, चोरीच्या गाड्या, आणि शेवटी पाऊस. त्याच्या सिनेमात कुणी पोटभर जेवत नाही आणि कुणी खोलीत शिरल्यावर दिवा लावत नाही.

"रविवारी दोनला तू माझ्याकडे ये," सर म्हणाले. "पोलीस आहेस तू."

"होतो. आता परवा शेजारणीने बोलावलं ते छपरावरचं मांजर उतरवायला. तेही मला चावलं."

"इगावा, त्याला पकडलंस तू! पुलापाशी, गळपट्टी धरून!"

"पकडला मी. पण फोन कुणी केला?" इगावाने एक डोळा उघडला. "कार्ड कुणाला आलंय, लेका? मला की तुला?"

एवढ्या कढत पाण्यात सरांना हुडहुडी भरली.

कारण फोन त्यांनीच केला होता, आणि चाळीस वर्षांत असा एकही ऑक्टोबर गेला नव्हता की तो फोन त्यांच्या कानात वाजला नाही.

१९८३ची गोष्ट. कुवाबाता शाळेच्या शेवटच्या वर्गात होता. आई निघून गेलेली, बाप पोलादाच्या कारखान्यात, आणि कारखान्यात नसेल तेव्हा दारूच्या दुकानात. पोरगं वाईट नव्हतं, पण वाईटाच्या इतकं जवळ राहत होतं की भिंत एकच होती. सरांनी त्याला दोन वर्षं हाकललं, रागावलं, कान धरून वर्गात आणून बसवलं. मग एका संध्याकाळी शाळेच्या मागून सरांची नवी कोरी स्कूटर गेली. घेऊन अकरा दिवस झाले होते. सीटवरचा प्लास्टिकचा कागदही अजून निघाला नव्हता. सर शोधत कालव्याच्या पुलाशी आले, तर पलीकडच्या काठावर पाच-सहा मोठी टवाळ पोरं, आणि मधोमध, त्यांच्या स्कूटरवर, कुवाबाता.

शिक्षकाने अशा वेळी काय करावं, यावर सरांनी स्वतःच जिल्ह्याच्या सभेत व्याख्यान दिलेलं होतं. पोराला बाजूला घ्यावं. घरी न्यावं. गरम काही खायला घालावं आणि बोलतं करावं. सरांनी यातलं काहीएक केलं नाही. ते पुलाच्या कोपऱ्यावरच्या टेलिफोनच्या खोक्यात शिरले आणि पोलीस चौकीचा नंबर फिरवला. पोराच्या नावावर आधीच दोन प्रकरणं होती. हे तिसरं. एक वर्ष दोन महिने सुधारगृह.

सर त्याला भेटायला एकदाच गेले. हातात मिठाईचा डबा होता. फाटकापर्यंत पोचले, फाटकाकडे बघितलं, आणि परत फिरले. परतीच्या गाडीत त्यांनी तो डबा एकट्याने संपवला. फुसाएला सांगितलं की पोरगं बरं आहे, मिठाई आवडली त्याला.

एका स्कूटरसाठी एक पोरगं आपण भट्टीत टाकलं. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. स्कूटर परत मिळाली होती. ती त्यांनी महिन्याभरात विकून टाकली आणि सायकलवर आले. प्रकृतीला चांगली असते म्हणाले.

शुक्रवारी दुपारी सर सिनेमाला गेले. शत्रूचा बेत आधी कळलेला बरा. ओळखू येऊ नये म्हणून त्यांनी टोपी आणि मास्क चढवला होता. निम्म्या थिएटराने मास्क लावलेला होता, त्यामुळे ते बेमालूम मिसळून गेले. शेजारी एक म्हातारी तांदळाच्या कुरकुरीत चकत्या, आवाज होऊ नये म्हणून, तोंडात विरघळवून खात होती.

सिनेमाचं नाव 'गंज'. पहिल्या दहा मिनिटांत तिघांची डोकी फुटली. सर सावरून बसले. मग पडद्यावर एक व्यायामाचे मास्तर आले आणि सरांनी टोपी आणखी खाली ओढली. हिरवी ढगळ विजार, गळ्यात शिट्टी, टक्कल झाकायला डाव्या कानावरून उजवीकडे आणलेले केस. काम करणारा नट त्यांच्यापेक्षा देखणा होता, एवढीच काय ती दया.

पुढे कालवा आला. पूल आला. पलीकडच्या काठावर टवाळ पोरं, आणि स्कूटरवर तो पोरगा. सरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. आता खोकं, आता फोन.

पण पडद्यावरच्या मास्तरांनी फोन केला नाही. ते पूल ओलांडून गेले, पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि मायेने म्हणाले, "जा घरी. मी काही बघितलं नाही."

"असं मी म्हणालो नव्हतो," सर अंधारात पुटपुटले.

"श्शू," म्हातारी म्हणाली.

हा टोमणा होता, दुसरं काय! तुम्ही कसं वागायला हवं होतं, ते कुवाबाताने वीस हात रुंद पडद्यावर, सगळ्या देशासमोर काढून दाखवलं होतं. त्यापुढचा सिनेमा सरांनी बोटांच्या फटीतूनच बघितला. पोरगा टवाळांच्या टोळीत मुरतो. एका म्हाताऱ्या दुकानदाराचा जीव जातो. पोरगा पळतो, लपतो, पुन्हा चाकू. शेवटी भर पावसात तो त्याच पुलावर येतो, समोर तेच मास्तर, आता पिकलेले, छत्री घेऊन. "तू घरी जा म्हणालो होतो ना रे," मास्तर म्हणतात. आणि पोरगा लोखंडी कांब उचलतो.

कालव्यात शिट्टी तरंगताना दिसली आणि पडदा काळा झाला. खालून पांढरी नावं वर सरकू लागली.

सर उठले. आता, आपल्याकडे शेवटचं नाव वर जाऊन दिवे लागेपर्यंत थिएटरात कुणी उठत नाही. आग लागली तरी आधी छायाचित्रण कुणाचं हे वाचतील, मग पळतील. सर लोकांच्या गुडघ्यांवरून "माफ करा, माफ करा" करत बाहेर पडले तेव्हा दीडशे माणसांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू कांब त्यांनीच उचलली होती.

"कसा होता?" फुसाएने विचारलं.

"मी मेलो शेवटी."

"अगं बाई! आणि काम कुणी केलंय तुमचं?"

तिने नाव ऐकलं आणि म्हणाली, की मग मात्र तीसुद्धा बघून येईल.

रविवार उजाडला. सरांनी माळ्यावरून बांबूची जुनी तलवार काढली. फुसाएने ती त्यांच्या हातातून काढून घेऊन छत्र्यांच्या कुंडीत ठेवली. "पाहुण्यासमोर काठी घेऊन बसतं का कुणी?" इगावाला फोन केला. तो म्हणाला की दोनला त्याचा बुद्धिबळाचा डाव आहे, पण खिडकी उघडी ठेवीन, ओरडलास तर ऐकू येईल.

दोनला पाच कमी असताना एक काळी मोटार गल्लीत शिरली. सर माडीवरच्या पडद्याच्या फटीशी होते. आधी दोन माणसं उतरली. काळे सूट, मान आणि डोकं यांच्यात फरक नाही असे. एकाच्या हातात जांभळ्या कापडात बांधलेलं काहीतरी लांबट होतं, खाली जाड आणि वर निमुळतं, बेसबॉलच्या बॅटीसारखं. मग मागच्या दारातून तो उतरला. बारीक कापलेले करडे केस, काळा चष्मा.

"आला का?" खालून फुसाए म्हणाली. "चला हो खाली. यजमान माडीवर काय करताय?"

सर जिना उतरले. एका पायरीवर त्यांनी ठरवलं की ओरडायचं. दुसऱ्या पायरीवर ठरवलं की नाही ओरडायचं. शेवटच्या पायरीवर पोचेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं, की चाळीस वर्षं आपल्याला मार बसेल याची भीती नव्हतीच. हा पोरगा कधीतरी समोर येईल आणि विचारेल, 'सर, स्कूटरसाठी?' याची होती. कांब परवडली.

फुसाएने दार सरकवलं.

"सर," कुवाबाता म्हणाला.

त्याने पुढचा शब्द काढायच्या आत सर दारातल्या ओट्यावर गुडघे टेकून बसले, दोन्ही तळहात पुढे ठेवले आणि कपाळ फळीला लावलं. "मी चुकलो!" त्यांचा आवाज फळीवर आपटून परत आला. "कुवाबाता, मी चुकलो!"

मास्तर जमिनीवर आणि शिष्य उभा, हे आपल्याकडे चालत नाही, मग शिष्याला परदेशातली किती का बक्षिसं असेनात. कुवाबाता होता तिथेच, चपला-बुटांच्या मधोमध, खाली दगडी फरशीवर आडवा झाला. आपला साहेब आडवा झाला म्हटल्यावर मागचे दोन आडदांडही गुडघ्यांवर आले. त्यांना आत जागा नव्हती, म्हणून त्यांची डोकी दारात आणि बाकीचं सगळं रस्त्यावर. समोरच्या घरातल्या बाईंनी खिडकी आवाज न करता बंद केली.

"सर, आधी तुम्ही उठा."

"नाही, आधी तू."

"मी कसा उठू, सर? तुम्ही उठल्याशिवाय?"

"मी नाही उठणार."

असं थोडा वेळ चाललं. कुणीच उठेना. शेवटी फुसाए म्हणाली, "अहो, दार उघडं आहे, सगळा गारठा आत येतोय. आणि त्या दोघांवरून सायकल जाईल कुणाची तरी."

तेव्हा सगळे आत आले. दोघा आडदांडांपैकी एक ध्वनिमुद्रक निघाला आणि दुसरा ड्रायव्हर, आणि बॅट निघाली साकेची मोठी बाटली. काळ्या चष्म्याचं कारण मोतीबिंदूचं ऑपरेशन. अकरा दिवस झाले होते. फुसाएने चहा आणि पुरणाच्या वड्या ठेवल्या. सर आणि कुवाबाता चटईवर समोरासमोर, दुमडलेल्या पायांवर ताठ बसले. अशा प्रसंगी मांडी घालत नाहीत.

"सिनेमा पाहिलात, सर?"

"पाहिला."

"आणि शेवटची नावं?"

सरांनी चहाचा घोट घेतला. "पाहिली. छान होती."

"तुमचं नाव दिसलं ना? शेवटून दुसरं. एकटंच. वर 'यांचा ऋणी आहे' असं."

"अक्षर जरा बारीक होतं," सर म्हणाले. मग कप खाली ठेवला. "काय म्हणालास? कशाचा ऋणी?"

"त्या फोनचा."

खोलीत फक्त ध्वनिमुद्रक वडी चावत होता तो आवाज. त्याने तोही थांबवला.

"तू सिनेमात मला फोन करू दिला नाहीस," सर म्हणाले. "मला कळलं ते. मी काय करायला हवं होतं, ते तू दाखवलंस. पोराला सोडून द्यायचं, मायेने बोलायचं..."

"आणि मग काय होतं, सर, सिनेमात?"

"मग तू..." सर थांबले. "मग एक दुकानदार मरतो."

"सकाई गावात. खराच मेला तो. तुम्ही फोन केलात त्याच्या तिसऱ्या दिवशी. पुलावरचीच पोरं होती. पेपरात नावं आली नाहीत, कारण सगळी अल्पवयीन. बाहेर गाडी चालू ठेवून कुणी बसायचं, हे तेव्हा पुलावरच ठरलं होतं." कुवाबाताने चष्मा काढला. एक डोळा अजून लाल होता. "मी बसणार होतो. म्हणून तर स्कूटर उचलली, चालवायला येते हे दाखवायला. तिसऱ्या दिवशी मी इगावा हवालदारांच्या कृपेने कोठडीत होतो. माझ्या जागी जो बसला त्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली. बाहेर आला आणि वर्षभरात गेला."

सरांनी वड्यांची बशी उगाचच त्याच्याकडे सरकवली.

"लोक मला विचारतात, तुमचा सिनेमा इतका काळा का. मी म्हणतो, मास्तरांनी मला सोडलं असतं तर काय झालं असतं, ते सगळं त्यात आहे. सव्वादोन तास. आमच्या धंद्यात आभार मानायची हीच एक पद्धत मला येते. जरा लांबली, हे कबूल. निर्माते पण म्हणाले."

इथे कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. आयती पुण्याई दारात चालून आलेली, तिला नको कशाला म्हणा? पण सरांनी बत्तीस वर्षं पोरांना खोटं बोलल्याबद्दल मैदानाला फेऱ्या मारायला लावलेल्या. ते म्हणाले, "कुवाबाता, माझं ऐक. मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मी तुझ्या भल्यासाठी नाही केला तो फोन. मी केला..." त्यांनी फुसाएकडे पाहिलं. "मी स्कूटरसाठी केला. नवी होती."

"माहीत आहे, सर."

"काय माहीत आहे?"

"मी कालव्याच्या पलीकडे होतो, आणि खोक्याला दार नव्हतं. कुणीतरी आधीच मोडलेलं."

"कुणी?"

"मीच. ते जाऊ दे. सगळं ऐकू येत होतं, सर. तुम्ही बोंब मारत होतात. 'माझी स्कूटर! अकरा दिवस झाले हो! सीटवरचा कागद निघाला नाही अजून!'"

फुसाएने पदर... तिला पदर नव्हता, म्हणून तिने ट्रे तोंडासमोर धरला. ट्रे हलत होता.

"मग हवालदारांनी वर्णन विचारलं असावं," कुवाबाता म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "तुम्ही सांगायला लागलात. कुवाबाता रेइजी, तिसरी तुकडी, हजेरी क्रमांक बारा. डाव्या भुवईवर टाके, चार. उजव्या हाताने लिहितो, डाव्याने मारतो. मुळा खात नाही. बुटाचं माप सव्वीस, पण अंगठा बाहेर येतो, साडेसव्वीस हवा. संध्याकाळी सातनंतर घरी पाठवू नका, बाप पिऊन येतो."

"पोलिसांनी एवढं विचारलं नव्हतं," सर ओशाळून म्हणाले. "रागात बोलत गेलो. शाळेतल्या बुटांची यादी माझ्याकडेच असायची."

"सर, माझ्या बापाला माझा वर्ग माहीत नव्हता. मी पळू शकलो असतो. बाकीचे सगळे पळाले. मी तिथेच उभा राहिलो. वाटलं, अजून काय काय सांगतायत ते ऐकू तरी."

फुसाएने ट्रे खाली घेतला. तिचे डोळे भरले होते. ड्रायव्हर छताकडे बघत होता. सर चटईकडे बघत होते. चाळीस वर्षं छातीवर लोणच्याच्या दगडासारखं जे बसलं होतं, ते कुणीतरी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवलं, आणि आता खाली काय राहिलं आहे ते बघायचा त्यांना धीर होत नव्हता.

"म्हणून आलो," कुवाबाता म्हणाला. "यायला वेळ झाला. आधी काहीतरी होऊन दाखवायचं होतं, मग वाटलं एवढ्याने भागत नाही, अजून थोडं. असं करत पंचावन्न झाली. आता राहवेना."

आणि तो उठला. दोन पावलं मागे सरकला, जाकीट नीट केलं, आणि देवळात गाभाऱ्यासमोर करतात तसा कमरेतून वाकला. एकदा. दोनदा. मग त्याने हात उचलले.

सरांनी सवयीने दोन्ही हात तोंडावर घेतले.

टाळी वाजली. आणखी एक. शांत, स्वच्छ, घंटेसारख्या. कुवाबाताने डोळे मिटून हात जोडले आणि शेवटचा, खूप खोल नमस्कार केला. पुजाऱ्याच्या लेकीने पाहिलं. देवासमोर दोन टाळ्या वाजवण्यापर्यंत काही चुकलं नव्हतं. मागे ध्वनिमुद्रक आणि ड्रायव्हर यांनीही तसंच केलं, कारण साहेबाने केलं.

वाकिसाका सरांनी हळूहळू तोंडावरचे हात काढले. त्र्याहत्तराव्या वर्षी आपण असे अचानक देव झालो, तर पुढे काय करतात हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. देव काही बोलत नाही, हे एक बरं असतं. पण समोर तिघं जण मान खाली घालून थांबले होते, बायको डोळे पुसत थांबली होती, आणि काहीतरी बोलायला हवं होतं. डोळ्यांतलं पाणी त्यांनी बाहीने टिपलं. घसा साफ केला. सगळे ऐकायला लागले.

"फुसाए," सर म्हणाले, "जरा हात दे गं. दोन्ही पाय मेलेत माझे."